झां-आंत्वान नोले : परासरणाची पहिली नोंद करणारे शास्त्रज्ञ

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घरात आरओ यंत्र सुरू झाले की पंप पाण्याला एका बारीक पटलातून ढकलतो. पाणी पलीकडे जाते, क्षार अलीकडेच राहतात. अशा पटलाचा गुण प्रथम टिपला तो फ्रान्सच्या नोले यांनी, १७४८ मध्ये.

नोले यांचा जन्म १७०० साली पिंप्रे या गावी गरीब शेतकरी कुटुंबात झाला. धर्मशिक्षण घेऊनही ते प्रयोगांत रमले. उपकरणे ते स्वतः बनवत. १७४६ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या राजासमोर १८० शिपायांची हातात हात धरलेली साखळी करून त्यांना विजेचा झटका दिला. सगळे एकदम उडाले. या प्रयोगाचा खूप बोलबाला झाला.

पाण्याचा प्रयोग मात्र शांतपणे झाला. द्रव उकळण्यात विरघळलेल्या हवेचा काय वाटा असतो, हे ते तपासत होते. मद्यार्काने भरलेल्या कुपीच्या तोंडाला डुकराच्या मूत्राशयाचा पडदा बांधून त्यांनी ती पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी पडदा फुगला. टाचणी टोचताच द्रवाची चिळकांडी उडाली. मग त्यांनी कुपीत पाणी आणि बाहेर मद्यार्क ठेवला. आता पडदा आत खचला. मद्यार्कापेक्षा पाणी या पडद्यातून सहज जाते, हे त्यांनी ओळखले. यालाच आज परासरण म्हणतात.

विजेबद्दलच्या वादात पुढे बेंजामिन फ्रँकलिन यांचा सिद्धांत टिकला, नोले यांचा मागे पडला. १७७० मध्ये त्यांचे निधन झाले. पडद्याची नोंद मात्र टिकली.

परासरणात पाणी स्वतःहून क्षारांकडे जाते. क्षारांच्या बाजूने पुरेसा दाब दिला, तर ते उलट दिशेने येते; हेच आरओ. त्यासाठी पुरेसे पाणी सोडणारे पटल कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास बनवले.

अडवलेले क्षार वाहून नेण्यासाठी काही पाणी सोडावेच लागते, नाहीतर पटल चोंदते. यंत्राच्या दुसऱ्या नळीतून येते ते हेच. पाणी जपून वापरावे लागणाऱ्या सोलापुरात ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येते.