विश्लेषण : बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांची नावे का बदलत गेली?

‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वृत्तपत्रांची ही नावे क्रमाने वाचली, तर एका समाजाची ओळख कशी बदलत गेली ते दिसते.

सुरुवात मताधिकारापासून झाली. जानेवारी १९१९ मध्ये आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि प्रतिनिधित्व मागितले. पण मत मिळाले तरी म्हणणे मांडायचे कुठे? ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले, तेव्हा ते २८ वर्षांचे होते. सिडनहॅम कॉलेजातील सरकारी नोकरीत असल्याने संपादक म्हणून त्यांचे नाव नव्हते. ते पांडुरंग भटकर यांचे होते. पैशांची मदत राजर्षी शाहू महाराजांनी केली.

जाहिरात का नाकारली गेली?

‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही. आंबेडकरांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये तशी नोंद केली आहे. स्वराज्य मागणाऱ्या पत्रात या वाचकांसाठी विकतची जागाही नव्हती. बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, हे ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकातले म्हणणे त्यामुळे अनुभवाचे ठरले.

त्याच वर्षी जुलैमध्ये आंबेडकर शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले.

मग आला महाड. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिणाऱ्यांवर हल्ला झाला. अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि या वेळी संपादक म्हणून स्वतः आंबेडकरांचे नाव होते. मदतीला पगारी माणसे नव्हती; कित्येक अंकांतील बहुतेक रकाने त्यांनी एकट्याने लिहिले. महाडमध्ये काय घडले, हे आता तळ्यावर गेलेल्यांच्या बाजूनेही छापले जात होते. पैशांअभावी हे पत्रही १९२९ मध्ये थांबले.

नोव्हेंबर १९३० मध्ये ‘जनता’ निघाले, तेव्हा आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. संपादन देवराव नाईक यांच्याकडे होते. चार पत्रांत हेच सर्वाधिक टिकले, सुमारे २५ वर्षे.

‘मूक’ आणि ‘बहिष्कृत’ ही इतरांनी लादलेली अवस्था होती. ‘प्रबुद्ध’ हे स्वतः निवडलेले विशेषण. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. नव्या नावाचे पत्र त्यांना जेमतेम दहा महिने पाहता आले.