डेम कॅरोलाइन हॅस्लेट व घरातील वीज

शोध लावणाऱ्यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. वाफेचे यंत्र कोणी सुधारले, विजेचा दिवा कोणी केला, हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक असते. परंतु शोध लागल्यानंतर ती वस्तू सामान्य माणसाच्या घरात निर्धोकपणे नांदावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांची नावे क्वचितच कानी पडतात. वीज ही अशी दासी आहे की, तिला नीट आवरले नाही तर ती मालकाचाच घात करील. इंग्लंडातील घराघरांत या दासीस शिस्त लावण्याच्या कामी ज्यांनी मोठा वाटा उचलला, त्या डेम कॅरोलाइन हॅस्लेट यांची ही हकिकत आहे.

कॅरोलाइन यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९५ रोजी ससेक्स परगण्यातील वर्थ या गावी झाला. वडील रेल्वेत सिग्नलांच्या जोडणीचे काम करीत, आणि सहकारी चळवळीतही ते पुढाकार घेत. घरची स्थिती साधारण होती व मुलीची प्रकृती नाजूक होती. शालेय शिक्षण संपल्यावर तिने लंडन येथे कचेरीच्या कामाचे शिक्षण घेतले आणि बॉयलर तयार करणाऱ्या कॉक्रन कंपनीत नोकरी धरली. त्या काळी इंग्लंडात स्त्रियांस पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार नव्हता. तो मिळविण्यासाठी चाललेल्या चळवळीतही ही तरुण मुलगी सामील झाली.

इ. स. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. पुरुष रणांगणावर गेले आणि त्यांची कामे स्त्रियांच्या अंगावर पडली. कॅरोलाइनबाई कचेरीचा कारभार पाहू लागल्या. पण ज्या बॉयलरांविषयी आपण रोज पत्रव्यवहार करतो, ते तयार कसे होतात हे आपणांस ठाऊक नसावे, ही गोष्ट त्यांच्या मनास रुचेना. त्यांनी कारखान्यात काम शिकण्याची परवानगी मागितली आणि स्कॉटलंडमधील अ‍ॅनन येथील कारखान्यात यंत्रविद्येचे शिक्षण घेतले. जे काम हाती आहे त्याचे मूळ समजून घ्यावयाचे, हा त्यांचा स्वभाव येथेच दिसून येतो.

युद्ध संपताच कारखान्यांतील स्त्रियांस घरी पाठविण्यात येऊ लागले. १९१९ साली तसा कायदाही झाला. त्याच वर्षी काही स्त्रियांनी एकत्र येऊन स्त्री इंजिनिअरांची संस्था स्थापन केली. कॅरोलाइनबाई तिच्या पहिल्या चिटणीस झाल्या आणि संस्थेच्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनीच केले. पुढे १९२४ साली मेबेल मॅथ्यूज नावाच्या बाईंनी घरगुती विजेचा स्त्रियांत प्रसार करण्याची एक योजना मांडली. मोठ्या संस्थांनी ती मनावर घेतली नाही. कॅरोलाइनबाईंनी मात्र ती उचलून धरली. त्यातून विद्युत्-विषयक महिला संघ जन्मास आला, व त्याचे संचालकपद त्यांनी १९५६ पर्यंत सांभाळले.

त्या काळच्या इंग्लंडातील घर कसे होते, याची कल्पना करावी. कोळशाची शेगडी, तिची राख, धुराने काळवंडलेल्या भिंती, हाताने धुवावयाचे कपड्यांचे ढीग, आणि या साऱ्यांत सकाळपासून रात्रीपर्यंत राबणारी गृहिणी. विजेने हे कष्ट हलके होतील, आणि वाचलेला वेळ स्त्रीस वाचनासाठी, समाजकार्यासाठी व विसाव्यासाठी मिळेल, अशी बाईंची श्रद्धा होती. परंतु वीज घरात आली तरी तिच्याविषयीचे ज्ञान आले नव्हते. एका घरात दोन अँपिअरचा, पाच अँपिअरचा व पंधरा अँपिअरचा, असे निरनिराळ्या मापांचे गोल पिनांचे प्लग असत. एकाचा दुसऱ्यास उपयोग नसे. सॉकेट थोडे, म्हणून कित्येक घरी इस्त्रीची वायर दिव्याच्या होल्डरलाच जोडलेली असे. अशा ठिकाणी अर्थिंगची सोय नसल्याने शॉक बसण्याचा धोका असे, आणि अतिभाराने वायर तापून आग लागण्याची भीतीही असे.

यावर संघाने धरलेला मार्ग ज्ञानदानाचा होता. फ्यूज म्हणजे काय, तो का वितळतो, वितळल्यावर योग्य मापाचीच तार का घालावी, वीज किती खर्ची पडली हे मीटरवर कसे वाचावे, या गोष्टी व्याख्यानांतून व वर्गांतून गृहिणींस शिकविल्या जात. १९३४ साली स्त्रियांसाठी विजेचे एक माहितीपुस्तक बाईंच्या संपादकत्वाखाली निघाले. १९३५ साली संघाने ब्रिस्टल शहरात सर्व कामे विजेवर चालणारे एक घर बांधून लोकांस दाखविले. जी वस्तू आपण समजून वापरतो तिचे भय वाटत नाही, आणि तिच्याशी आंधळा खेळही होत नाही, हे तत्त्व त्या सर्व कार्याच्या मुळाशी होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, इंग्लंडातील विद्युत् इंजिनिअरांच्या संस्थेने वीस जणांची एक समिती नेमली. युद्धानंतर जी लक्षावधी घरे बांधावी लागतील, त्यांतील वायरिंग कसे असावे, हे तिने ठरवावयाचे होते. या वीस जणांत स्त्री एकच होती, ती म्हणजे कॅरोलाइन हॅस्लेट. समितीपुढील पेच मोठा होता. तांबे दुर्मिळ झाले होते. घरे स्वस्त हवी होती. आणि प्रत्येक खोलीत भरपूर सॉकेट असावेत, ही मागणी तर होतीच. समितीचा अहवाल १९४४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातील विचारांवर आधारलेले प्लगचे ब्रिटिश मानक १९४७ साली निघाले.

त्या योजनेतील युक्ती समजण्यास कठीण नाही. पूर्वी प्रत्येक मोठ्या सॉकेटसाठी फ्यूजच्या पेटीपासून स्वतंत्र वायर न्यावी लागे. आता एकच वायर पेटीतून निघून सर्व सॉकेटांवरून फिरून पुन्हा पेटीतच परत येऊ लागली, जणू गावास वळसा घालून वेशीत परत येणारा रस्ता. या कड्यातील प्रत्येक सॉकेटला दोन्ही बाजूंनी वीज पोचते. म्हणून तुलनेने बारीक वायरवर ३० अँपिअरचा भार चालतो आणि तांब्याची बचत होते. पण पेटीतील ३० अँपिअरचा फ्यूज टेबलावरील दिव्याच्या नाजूक वायरचे रक्षण कसा करणार? तो वितळण्यापूर्वी ती वायरच जळून जाईल. म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटात त्याचा स्वतःचा छोटा फ्यूज बसविण्यात आला. दिव्यास लहान, शेगडीस १३ अँपिअरचा. ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे पहारेकरी. सॉकेट मात्र सर्वत्र एकाच मापाचे, सुमारे ३००० वॅटपर्यंतच्या उपकरणास पुरे पडणारे.

आणि याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सॉकेटच्या आतील झडपा. रांगणाऱ्या मुलाने भिंतीतील छिद्रात सुई किंवा खिळा घातला तर काय होईल, हा विचार प्रत्येक आईच्या मनात येतो. लहान मुलांच्या रक्षणासाठी विजेच्या छिद्रांवर झडपा असल्या पाहिजेत, असे समितीने आग्रहाने सुचविले. प्लगची अर्थिंगची पिन इतर दोहोंपेक्षा लांब ठेवण्यात आली. ती आधी आत शिरते आणि तिच्या दाबाने झडपा उघडतात. प्लग काढला की त्या पुन्हा मिटतात. उपकरणाचा जमिनीशी संबंध सर्वांत आधी जोडला जातो व सर्वांत शेवटी तुटतो, हा त्याच पिनेचा दुसरा लाभ. ही सारी योजना एकट्या बाईंची होती असे म्हणणे सत्यास सोडून होईल. ती समितीच्या एकत्रित विचाराचे फळ होती. परंतु वीस वर्षे गृहिणींच्या अडचणी ऐकलेली व्यक्ती तेथे बसलेली होती, आणि घरगुती सुरक्षिततेच्या प्रश्नी तिच्या शब्दास वजन होते, हे विसरता येत नाही.

१९४७ साली त्यांस डेम हा बहुमान मिळाला. वीजधंद्याचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ब्रिटिश वीज प्राधिकरणावर त्यांची नेमणूक झाली, आणि कोळसा वाहणाऱ्या एका जहाजास त्यांचे नाव देण्यात आले. ४ जानेवारी १९५७ रोजी सफोक परगण्यात बहिणीच्या घरी त्यांचा अंत झाला. आपल्या देहाचे दहन विजेने व्हावे अशी त्यांची इच्छा होती, व ती पाळण्यात आली. जिच्यावर आयुष्यभर विश्वास ठेवला, तिच्याच हाती त्यांनी अखेर देह सोपविला.

त्यानंतर सुधारणा होतच राहिल्या. वितळणाऱ्या तारेऐवजी आपोआप पडणारे सर्किट ब्रेकर आले. आणि माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाणारा ३० मिलिअँपिअर इतका अल्प प्रवाहही ओळखून क्षणार्धात वीज तोडणारी साधने आली. तथापि चौकोनी पिनांचा तो प्लग ब्रिटनमध्ये अद्याप कायम आहे. नोकरीनिमित्त दुबई वा सिंगापूर येथे राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या तो नित्य परिचयाचा आहे. आपल्या घरातील गोल तीन पिनांचे प्लग त्याच्या आधीच्या ब्रिटिश पद्धतीतून आलेले आहेत. त्यांतही अर्थिंगची पिन मोठी व लांब असते. तिचे प्रयोजन आता वाचकांस सांगावयास नको. ती पिन काढून टाकणे, किंवा फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळणे, म्हणजे पहारेकऱ्यास आपल्याच हाताने घालवून देणे होय.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, या बाईंनी कोणताही नवा सिद्धान्त शोधला नाही. प्रकृती नाजूक, शिक्षण कचेरीतील कामाचे, आणि काळ स्त्रियांस प्रतिकूल. तरीही, आपल्या हातातील काम समजून घ्यावे, समजलेले इतरांस सांगावे, आणि निर्णयाच्या जागी बसण्याची वेळ येईल तेव्हा सर्वांत दुबळ्याचा विचार आधी करावा, एवढ्या तीन गोष्टी त्यांनी निष्ठेने केल्या. सॉकेटजवळ खेळणारी कित्येक बाळे आज सुखरूप आहेत. त्यांना बाईंचे नावही ठाऊक नाही. परंतु याहून उत्तम स्मारक ते कोणते असणार?