शरीराबादची अर्जदास्त

श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र म्हटले की गाढवाला पाजलेली कावड आणि श्राद्धाचे ताट एवढेच पुष्कळांना आठवते. कथा गोडच आहेत. पण नाथांची वाणी कशी घडली, हे कीर्तनात क्वचितच निघते.

भानुदासांच्या कुळात पैठणास जन्म. आईबाप लवकर गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढविले. पोरवयातच देवगिरी गाठली. सद्गुरू जनार्दनस्वामी तेथे किल्लेदार. म्हणजे परमार्थाच्या जोडीला किल्ल्याचे हिशेब आलेच! एका पैच्या चुकीसाठी नाथांनी रात्र जागविली, असे परंपरा सांगते. जमा, बाकी, वसूल, हुजूर हे दप्तरातले फारसी शब्द रोज कानी पडत. पुढे भारुडात त्यांनी तेच वापरले.

त्यांची ‘अर्जदास्त’ पाहा. देह हा परगणा, नाव शरीराबाद. जिवाजी शेखदार, बुधाजी कारकून, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नायकवाडी. अंमलदार सगळे घरचेच, अन् कारभार बुडीत! पाठशाळेत आम्ही घोकले होते की उपमेत दोन वस्तू वेगळ्या राहतात, रूपकात अभेद होतो. देह परगण्यासारखा, असे म्हटले असते तर श्रोता मान डोलवून लांब बसला असता. रूपक त्याला लांब बसू देत नाही. मन माझे, असे आपण म्हणतो. नाथ दाखवितात की मन वतन धरून बसले आहे आणि जीव नावाचाच शेखदार. मनुष्य म्हणजे काय, याचे उत्तर त्यांनी व्याख्येने दिले नाही, कारभार मांडून दिले.

‘जोहारा’त तर नाथ स्वतः महार होऊन बोलतात. ब्राह्मणाने घेतलेले ते सोंगच, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. महाराच्या घरी जेवल्याबद्दल पैठणात बोल सोसल्याची कथा ज्यांच्या चरित्रात आहे, त्यांचे रूपक तोंडापुरते कसे असेल?

भागवताची टीका १५७३ साली काशीस पुरी झाली, १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीस गोदातीरी देह ठेवला.

हल्ली विंचवाच्या भारुडाला माणसे पोट धरून हसतात. विंचू म्हणजे काम-क्रोध, हे सांगण्याआधीच टाळ्या पडतात. सत्त्वगुणाचा उतारा सांगायचा राहूनच जातो. भारुडकरी मंडळींना एवढीच विनंती, की सोंग रंगले तरी पद शेवटपर्यंत म्हणावे.