मेक्सिकोच्या भाकरीतला वर्धेकर

मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा या जगविख्यात चित्रकाराने १९२० च्या दशकात रंगवलेली भित्तिचित्रे आजही पाहायला मिळतात. त्यांपैकी एका चित्रात जेवणाच्या मेजाभोवती कष्टकरी स्त्री-पुरुष आणि मुले बसली आहेत. प्रमुख जागी बसलेला एक सावळा, गंभीर चेहऱ्याचा माणूस पाव मोडून सर्वांना वाटतो आहे. हा माणूस मेक्सिकोचा नाही. तो वर्ध्याचा आहे. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. इंग्रजांविरुद्ध बंदूक हाती घेण्यासाठी देश सोडलेला हा क्रांतिकारक, परदेशातील शेतकरी कुटुंबांच्या चित्रात अन्नदाता म्हणून कसा आला, ही कहाणी विलक्षण आहे. विदर्भाला ती अंतर्मुख करणारीही आहे.

खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्धा येथे झाला. त्या वेळी हे शहर जेमतेम दोन दशकांचे होते. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा तयार करण्यात आला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे ठाणे वसवण्यात आले. लगोलग रेल्वे आली आणि तिच्या मागोमाग कापसाचा व्यापार. हिंगणघाटच्या कापसाला तेव्हा देशाबाहेरही नाव होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले तेव्हा या भागातील शेतकऱ्याच्या हाती पैसा खुळखुळला आणि युद्ध संपून भाव कोसळले तेव्हा सावकाराची वहीच तेवढी त्याच्या वाट्याला उरली. शेतकऱ्याच्या घरचे सुखदुःख सातासमुद्रापलीकडच्या बाजारावर ठरू लागले, ते तेव्हापासून.

पांडुरंगाचे वडील वर्ध्यात अर्जनवीस होते. कचेरीत आणि न्यायालयात दाद मागण्यासाठी आलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांचे अर्ज लिहून देणे हे अर्जनवीसाचे काम. शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात अशा ठिकाणी येणारी बहुतेक माणसे शेतकरीच असत. सारा, गहाणखत, जप्ती, वाटणीचे तंटे यांची कागदपत्रे ज्या व्यवसायात रोज हाताळली जात, त्या व्यवसायावर चालणाऱ्या घरात हा मुलगा वाढला. तो बारा वर्षांचा असताना १८९६-९७ चा आणि पंधरा वर्षांचा असताना १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात त्या दोन दुष्काळांनी माणसे आणि गुरे यांचा अतोनात संहार केला. त्याच सुमारास लोकमान्य टिळकांच्या विचारांनी विदर्भातील तरुण पिढी भारावून गेली होती. वर्ध्यातील शिक्षण आटोपून पांडुरंग नागपूरला गेला, तो या वातावरणात. फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाने त्याच्या मनाची पकड घेतली होती. शस्त्राशिवाय इंग्रज जाणार नाही, आणि शस्त्रविद्या या देशात शिकायला मिळणार नाही, या निष्कर्षावर तो आला. टिळकांचा सल्ला घेऊन विशीतल्या या तरुणाने १९०६ च्या सुमारास देश सोडला आणि जपान गाठले. पुन्हा उघडपणे मायभूमीवर पाऊल ठेवायला त्याला चार दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागणार होती.

जपानहून खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. तेथे त्यांनी दोन विद्यांचा पाठपुरावा केला. एक शेतीची आणि दुसरी युद्धाची. कॅलिफोर्नियातील माउंट तामालपेस येथील सैनिकी शाळेत त्यांनी प्रशिक्षण घेतले, तर वॉशिंग्टन राज्यातील सरकारी महाविद्यालयातून १९१३ मध्ये कृषिशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले. वरवर पाहता या दोन विद्यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. खानखोजे यांच्या आयुष्यात मात्र त्या शेवटपर्यंत एकमेकींत गुंफलेल्या राहिल्या. शिकत असतानाच त्यांचा संपर्क आला तो अमेरिकेत मजुरी करणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांशी. जमिनीचे तुकडे, कर्ज आणि दुष्काळ यांनी पिचलेल्या कुटुंबांनी आपली तरणी मुले फौजेत किंवा परदेशी मजुरीला पाठवली होती. कॅलिफोर्नियाच्या बागा, शेते आणि ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांमध्ये ही मुले राबत होती. घरी पाठवलेल्या पैशांतून गहाण पडलेली जमीन सोडवायची, हे त्यांतल्या अनेकांचे स्वप्न होते. अशाच शेतांवर मेक्सिकोतून आलेले मजूरही राबत. त्यांच्या देशात १९१० मध्ये क्रांतीचा भडका उडाला होता आणि तिच्या केंद्रस्थानी जमिनीचाच प्रश्न होता. वर्ध्याच्या कचेरीत अर्ज लिहून घेणारा शेतकरी, पंजाबातून परागंदा झालेला शेतकरी आणि मेक्सिकोचा भूमिहीन शेतकरी या तिघांचे दुखणे एकच आहे, याची जाणीव करून देणारा हा अनुभव होता.

याच मजुरांच्या बळावर १९१३ मध्ये गदर पक्षाची स्थापना झाली. सोहनसिंग भाकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस, आणि संघटनेच्या सशस्त्र बाजूची धुरा वाहणाऱ्यांत पांडुरंग खानखोजे. पहिल्या महायुद्धाला तोंड लागताच गदरचे शेकडो कार्यकर्ते भारताकडे निघाले. कर्तारसिंग सराभा आणि तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे यांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. खानखोजे यांनी वेगळी वाट निवडली होती. तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये शिरून बलुचिस्तानच्या सीमेवरून भारतात सशस्त्र उठाव न्यायचा, अशी ती योजना होती. इराणच्या डोंगराळ भागात तेथील टोळ्यांच्या साथीने ते इंग्रज फौजेशी लढले, पकडले गेले आणि निसटलेही. युद्ध संपले तेव्हा योजना धुळीला मिळाली होती. सहकारी फासावर गेले होते किंवा पांगले होते. बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांसमवेत १९२१ मध्ये ते मॉस्कोलाही गेले. लेनिनची भेट घेतली. परंतु अपेक्षित मदत मिळाली नाही. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्याने भारताची दारे बंद, आणि युरोपातही हद्दपारीची टांगती तलवार, अशा स्थितीत १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिकोचा रस्ता धरला. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते आणि हाती शेतीविद्येखेरीज काही नव्हते.

ही विद्या मात्र योग्य वेळी योग्य ठिकाणी पोहोचली होती. क्रांतीपूर्वी मेक्सिकोतील बहुतेक सुपीक जमीन मूठभर जहागीरदारांच्या ताब्यात होती आणि कष्टकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या कर्जात बांधलेली होती. १९१७ च्या राज्यघटनेने जमिनीच्या फेरवाटपाचे वचन दिले. गावोगावी जमिनी वाटल्या जाऊ लागल्या. पण जमिनीचा तुकडा हाती आला म्हणजे घर उभे राहिले असे होत नाही. बियाणे, ज्ञान आणि आत्मविश्वास यांचा पुरवठा कोणी करायचा, हा प्रश्न होताच. अमेरिकेतील दिवसांपासूनचे मेक्सिकन स्नेही या वेळी कामी आले. राजधानीजवळच्या चापिंगो येथे, एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात हलवण्यात आलेल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात डॉ. खानखोजे यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

विद्यालयाच्या चार भिंतींत त्यांचे मन रमणारे नव्हते. ज्याला शाळेत येता येत नाही, त्याच्या बांधावर शाळा गेली पाहिजे, या भूमिकेतून त्यांनी मुक्त कृषिशाळांची चळवळ उभी केली. शुल्क नाही, प्रवेशाची अट नाही, दिवसभर राबून आलेल्या शेतकऱ्याला त्याच्याच गावात, त्याच्याच जमिनीवर शिकवायचे, असे या शाळांचे स्वरूप होते. त्यांतील एका शाळेला शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो झपाटा याचे नाव देण्यात आले. चित्रकार रिव्हेरा या चळवळीचे पाठीराखे होते. इटलीत जन्मलेल्या छायाचित्रकार टीना मोडोटी यांनी डॉ. खानखोजे यांच्या मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रे टिपली. ती आज छायाचित्रणाच्या इतिहासाचा भाग आहेत.

मका हे मेक्सिकोचे नुसते पीक नव्हे. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीला जे स्थान, ते तेथे मक्याच्या टॉर्टियाला. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात घेण्याची तेथील जुनी पद्धत कपाशीत तुरीच्या ओळी धरणाऱ्या वर्ध्याच्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. डॉ. खानखोजे यांनी मक्याच्या रानटी भाऊबंदाशी त्याचा संकर घडवून आणला. एका ताटावर अधिक कणसे, पाणी कमी पडले तरी तग धरणारे रोप, थंडीचा कडाका सोसणारा वाण, असा त्यांच्या संशोधनाचा रोख होता. गहू, कडधान्ये आणि रबर यांवरही त्यांनी काम केले. ओलिताची सोय नाही, खताला पैसा नाही आणि एक हंगाम बुडाला तर वर्षाची भाकरी बुडते, असे कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून केलेले हे संशोधन होते. पुढे १९४० च्या दशकात डॉ. नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले आणि गव्हाच्या क्रांतीचे श्रेय जगाने त्यांना दिले. त्याच मातीत वीस वर्षे आधी एक भारतीय राबत होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

डॉ. खानखोजे यांच्या व्यक्तिगत संसाराला उशिरा सुरुवात झाली. १९३६ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी बेल्जियमच्या जाँ सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. मेक्सिकोत जन्मलेल्या मुलींची ही नावेच या घराचे मन कोठे गुंतले होते ते सांगतात. मेक्सिकोचे नागरिकत्व घेतलेल्या या गृहस्थाची ओढ भारताकडेच राहिली. पुढे सावित्री साहनी यांनीच आपल्या वडिलांचे चरित्र लिहिले. क्रांतिकारकाचा त्याग मोजताना आपण तुरुंग आणि फाशी मोजतो. मागे राहिलेल्या आईवडिलांच्या घरातील चार दशकांची रिकामी जागा कोणत्याही यादीत येत नाही.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. आता परतीचा मार्ग मोकळा झाला, असे वाटणे साहजिक होते. तत्कालीन मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने शेती सुधारणेसाठी त्यांना निमंत्रणही दिले. परंतु इंग्रजांनी तयार केलेली काळी यादी स्वतंत्र भारताच्या कार्यालयांत तशीच राहिली होती आणि तिच्यात खानखोजे हे नावही तसेच होते. ज्या स्वातंत्र्यासाठी घर सोडले, त्या स्वतंत्र देशाच्या प्रवेशपत्रासाठी त्यांचा अर्ज आधी नाकारला गेला. अर्जनवीसाच्या मुलावर आलेला हा प्रसंग दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. अखेर १९४९ मध्ये ते भारतात येऊ शकले आणि १९५० च्या दशकात कुटुंबासह नागपूरला स्थायिक झाले.

येथे मात्र मेक्सिकोसारखे काही उभे राहिले नाही. वय सत्तरीला टेकले होते. पन्नास वर्षे बाहेर राहिलेल्या माणसाला ओळखणारे थोडे होते आणि नव्या देशाचे लक्ष मोठी धरणे, मोठे कारखाने यांकडे होते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्याला विनाशुल्क शिकवणारी शाळा ही कल्पना मेक्सिकोत सरकार, चित्रकार आणि शेतकरी यांनी उचलून धरली. तिच्या जनकाच्या जन्मभूमीत ती रुजली नाही. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर येथे डॉ. खानखोजे यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, भारताने अन्नटंचाईवर मात करण्यासाठी मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले होते. त्यांनी डोळे मिटले तेव्हा भारताच्या शेतांत मेक्सिकोचा गहू उभा होता.

हरितक्रांतीचा तो गहू ओलिताच्या शेताचा होता. वर्ध्याच्या कोरडवाहू काळ्या मातीत त्याचा लाभ फारसा पोहोचला नाही. कापसाच्या भावाची अनिश्चितता, सावकाराचे आणि बँकेचे कर्ज, बेभरवशाचा पाऊस हे जुने चक्र चालूच राहिले. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर तर घरचे राखून ठेवलेले बियाणे ही गोष्टच कपाशीच्या शेतातून नाहीशी झाली. दर हंगामाला पाकीट विकत घ्यायचे आणि त्यासाठी पुन्हा कर्ज काढायचे, हे आता अंगवळणी पडले आहे. कमी पाण्यात तगणारे वाण आणि ते कसे घ्यावे याचे बांधावर मिळणारे ज्ञान, या दोन्ही गोष्टींची निकड डॉ. खानखोजे यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो येथील कृषी विद्यापीठात डॉ. खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. भारताच्या लोकप्रतिनिधींनी केलेला हा सन्मान उचितच होता. मेक्सिकोने मात्र त्यांना त्यांच्या हयातीतच ओळखले होते. तेथे त्यांना कष्टकरी कुटुंबाच्या मेजावर, भाकरी वाटणाऱ्याच्या जागी बसवण्यात आले होते. वर्ध्याच्या शेतकरी कुटुंबाच्या घरात त्यांचे नाव पोहोचणे अद्याप बाकी आहे. ते पोहोचले, आणि नावाबरोबर त्यांची बांधावरची शाळाही पोहोचली, तर १९०६ च्या सुमारास या जिल्ह्यातून निघालेला तो प्रवासी खऱ्या अर्थाने घरी परतला, असे म्हणता येईल.