पंडिता रमाबाई आणि धीट मागणे

परीक्षा जवळ आली, घरात कोणी अंथरुणास खिळले, किंवा कर्त्या पुरुषाची नोकरी सुटली, म्हणजे आपण देवाजवळ काही मागावयास बसतो. परंतु मागताना मनात एक संकोच असतो. आपली योग्यता थोडी, आपली गरज क्षुल्लक, एवढ्या थोर देवापुढे असले गाऱ्हाणे कसे न्यावे, असे वाटते. लेकराने आईचा पदर धरून हट्ट करावा, त्याप्रमाणे देवाजवळ मागणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात पूर्वीपासून होऊन गेली. नामदेव व जनाबाई विठोबाशी कशी भांडत, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. पुढील काळात हेच धैर्य ज्यांच्या ठायी दिसून आले, त्या पंडिता रमाबाई यांचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. लोकांचा रोष पत्करून त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले होते, आणि पुढे आईने तीच विद्या मुलीस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी फिरे व पुराणे सांगून निर्वाह करी. सन १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने गाठले. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात व व्रतात गेले. शेवटी पाणी व झाडपाला यांवर दिवस काढण्याची पाळी आली. तथापि विद्येचा व कुळाचा अभिमान असा की, कोणाच्या दारी भाकर मागणे किंवा मजुरी करणे त्यांच्याने होईना. अशा स्थितीत प्रथम वडील, पुढे थोड्याच दिवसांनी आई व नंतर वडील बहीण, अशी तिघे एकामागून एक मृत्यू पावली. मागण्याची लाज माणसास कोठवर नेते, हे रमाबाईंनी कोवळ्या वयात पाहिले, आणि ते त्या जन्मभर विसरल्या नाहीत.

उरलेला भाऊ श्रीनिवास याजबरोबर शेकडो कोस चालत त्या सन १८७८ त कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांच्या विद्वत्तेची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सन १८८० त भाऊ गेला; त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशी त्यांचा विवाह झाला; आणि ता. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीही गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी राहिली. त्याच साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. पुढे त्या इंग्लंडास गेल्या, तेथे सन १८८३ त ख्रिस्ती झाल्या, नंतर अमेरिकेस जाऊन तेथील मंडळींचे साह्य मिळविले, आणि ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. धर्माच्या प्रश्नावरून सन १८९३ त मोठा वाद माजला व पुष्कळांनी आपल्या मुली काढून नेल्या.

सन १८९६-९७ च्या दुष्काळात त्या वेळच्या मध्यप्रांतातील हाहाकाराची वार्ता पुण्यास आली, तेव्हा बाईंस आपले बालपण आठवले. अमेरिकेतील मंडळींचे साह्य शारदासदनातील उच्चवर्णीय विधवांपुरतेच होते. दुष्काळपीडित मुलींसाठी त्यांजजवळ निराळा पैसा नव्हता. तरीही देवावर भार टाकून त्या निघाल्या. उपाशी लोकांच्या छावण्यांतून त्या हिंडल्या आणि सुमारे ३०० मुली त्यांनी आणविल्या. तिकडून पुण्याकडे येणारा लोहमार्ग आमच्या भुसावळावरूनच जातो. आज आपल्या स्टेशनावरून सुखाने प्रवास करणाऱ्या मुलामुलींनी त्या कृश मुलींची क्षणभर आठवण करावी.

पुण्यात प्लेगामुळे इतक्या मुली ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगाव येथे बागेसाठी घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर त्यांस नेले, आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. ब्रिस्टल शहरी हजारो अनाथांचे पोषण केवळ प्रार्थनेच्या बळावर करणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र बाईंनी वाचले होते. तो देव केडगावासही आहे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सन १८९९-१९०० चा दुष्काळ आला. आपल्या खानदेशासही त्याची झळ लागली; गुजरातेत तर त्याने अनर्थ केला. तिकडूनही मुली आल्या आणि मुक्तीतील माणसांची संख्या सुमारे १,९०० झाली. एवढ्या तोंडांना रोज धान्य, एवढ्या अंगांना वस्त्र आणि अवर्षणात सर्वांस पाणी पाहिजे. बाई या गरजा देवापुढे नावानिशी मांडीत. परंतु मागून स्वस्थ बसत नसत. पाण्यासाठी प्रार्थना होई आणि विहिरीही खणल्या जात. मुलींस विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा व छापखाना अशी कामे शिकविली जात. ज्या घरी मजुरीच्या लाजेने माणसे मेली, त्याच घरच्या मुलीने शेकडो मुलींस श्रमाचा अभिमान शिकविला.

त्यांचे प्रत्येक मागणे मान्य झाले, असे मात्र आमच्या वाचकांनी समजू नये. उपासमारीने अगदी खचून आलेल्या कित्येक मुली वाचल्या नाहीत. बाईंचे कान फार पूर्वीच मंद झाले होते. त्यामुळे वैद्यकी शिकण्याची त्यांची इच्छा राहून गेली, आणि हे वैगुण्य पुढेही गेले नाही. सर्वांत कठीण आघात शेवटी आला. जी कन्या पुढे संस्था चालवील म्हणून त्यांनी वाढविली, ती मनोरमा ता. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, वारली. या आघातानंतरही बाईंनी प्रार्थना सोडली नाही आणि कामही सोडले नाही. हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे कार्य त्यांनी अनेक वर्षे चालविले होते. ते पुरे करूनच ता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. ते भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

या चरित्रावरून आम्हांस असे दिसते की, धीट प्रार्थना म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे. सौद्यात माल न मिळाला की माणूस उठून जातो. रमाबाई उठून गेल्या नाहीत. त्या निःसंकोच मागत, मागितल्यावर हात चालवीत, आणि नकार आला तरी त्याच दारी पुन्हा जात. त्यातही त्यांचे मोठे मागणे स्वतःकरिता नव्हते, दुसऱ्याच्या लेकरांकरिता होते. आमच्या विद्यार्थ्यांस पुढे दुःखाचे दिवस येतील, कित्येकांस या वयातच आले असतील. त्यांनी आपले दुःख लाजून झाकून ठेवू नये. देवास सांगावे, आईबापांस सांगावे, गुरुजनांस सांगावे. आणि शेजारच्या बाकावरील मित्राच्या घरी चूल पेटली नसेल, तर त्याच्याकरिता मागण्यास व आपल्या डब्यातील अर्धी भाकर त्यास देण्यास विलंब लावू नये.