अंबरसिंग महाराज : पाटीलवाडीचे सत्य मांडणारा कार्यकर्ता

खानदेशातील आदिवासींच्या हक्कांचा इतिहास अंबरसिंग सुरतवंती यांच्या उल्लेखाविना पूर्ण होत नाही. शहादे तालुक्यातील भिल्ल समाजातून आलेला हा कार्यकर्ता अंबरसिंग महाराज या नावाने सर्वदूर ओळखला गेला.

शहादे त्या काळी धुळे जिल्ह्यात होते; १९९८ मध्ये ते नव्या नंदुरबार जिल्ह्यात समाविष्ट झाले. तापीकाठच्या या सुपीक पट्ट्यात सावकारी कर्ज आणि निरक्षरता यांमुळे आदिवासींच्या जमिनी हातच्या गेल्या. कालचे खातेदार आपल्याच शेतात सालदार म्हणून राबू लागले. तक्रार करावी, तर दफ्तरातील कागद विरोधात बोलत.

२ मे १९७१ रोजी पाटीलवाडी येथे धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर जमीनमालकांच्या बाजूने गोळीबार झाला. त्यात एका आदिवासीचा बळी गेला. मालकवर्गाच्या लेखी तो लुटीचा प्रकार होता. मृतावर लुटारूचा शिक्का बसला की त्याच्या मृत्यूचा जाब विचारणारे कोणी उरत नाही. त्या हत्येइतकाच हा शिक्काही अन्यायकारक होता.

अंबरसिंग यांनी सर्वोदय कार्यकर्त्यांच्या साथीने या घटनेमागील भूक, वेठ आणि गेलेली जमीन लोकांपुढे मांडली. ग्रामस्वराज्य समितीच्या माध्यमातून गावोगावच्या तक्रारी एकत्र आल्या. ३० जानेवारी १९७२ रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. दुसरीकडे, बड्या शेतमालकांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली रखवालदारांची फौज उभी केली होती. तरीही चळवळ मागे हटली नाही. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. सालदारांच्या मजुरीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि आदिवासी स्त्रियांनी दारूविरुद्ध आघाडी उघडली.

१९७४ मध्ये ऐन तारुण्यात अंबरसिंग यांचे निधन झाले. आदिवासींना जमिनी परत देणारा राज्याचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

अन्यायपीडितांच्या सत्याच्या व प्रतिष्ठेच्या हक्कासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने २०१० मध्ये २४ मार्च हा दिवस जाहीर केला. १९८० मध्ये याच तारखेला एल साल्वादोरमध्ये आर्चबिशप रोमेरो यांची हत्या झाली होती. या हक्काला जगाने नाव देण्याच्या कितीतरी आधी शहाद्याच्या भिल्लांनी तो मागितला होता.