उशाखालचे पिस्तूल

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ज्या सैनिकांचा सर्वाधिक गौरव झाला, त्यांत ऑडी मर्फी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा रणांगणावरचा पराक्रम सर्वश्रुत आहे. पण त्यांचे दुसरे युद्ध बंद दाराआड झाले, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

टेक्सासमध्ये बटाईने शेती करणाऱ्या एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील घर सोडून गेले. ऑडींनी पाचवीतच शाळा सोडली, कापूस वेचला आणि शिकार करून भावंडांना खाऊ घातले. १९४१ साली आईही गेली. पुढच्याच वर्षी थोरल्या बहिणीकडून वय वाढवून लिहून घेऊन हा किरकोळ अंगाचा मुलगा सैन्यात भरती झाला.

सिसिली, अँझिओ, दक्षिण फ्रान्स अशी मजल मारताना एकेक सोबती पडत गेला. ऑगस्ट १९४४ मध्ये जिवलग मित्र लॅटी टिप्टन त्यांच्या डोळ्यांदेखत मारला गेला. २६ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समधील होल्ट्झवीरजवळ त्यांनी आपल्या तुकडीला मागे धाडले आणि स्वतः एका पेटलेल्या रणगाडाभेदी गाडीवर चढून मशिनगनने सुमारे तासभर शत्रूला रोखून धरले. त्याबद्दल त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' हा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. तेव्हा ते अवघे १९ वर्षांचे होते.

पुढे हॉलिवूडने त्यांना बोलावले. चाळीसहून अधिक चित्रपटांत ते झळकले. १९५५ साली तर 'टू हेल अँड बॅक' या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. दिवसा टाळ्या मिळत, रात्री मात्र झोप येत नसे. दुःस्वप्ने पडत, उशाखाली भरलेले पिस्तूल असे. झोपेसाठी डॉक्टरांनी दिलेल्या प्लॅसिडिल या औषधाची त्यांना सवय जडली. साठच्या दशकाच्या मध्यास हे ध्यानी येताच त्यांनी एका मोटेलच्या खोलीत स्वतःला सुमारे आठवडाभर कोंडून घेतले आणि गोळ्या सोडल्या.

वाचकहो, याचे अनुकरण मात्र कोणी करू नये. असे औषध एकदम तोडल्यास झटके येऊन जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायचे असते.

मर्फींचे खरे धैर्य त्यानंतरचे आहे. मनाच्या जखमांबद्दल बोलणे हा शूराला कमीपणा समजला जाई, त्या काळात त्यांनी आपली व्यथा उघड सांगितली. कोरिया आणि व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक त्रासाकडे सरकारने लक्ष द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला.

२८ मे १९७१ रोजी व्हर्जिनियातील डोंगरात विमान कोसळून वयाच्या ४५ व्या वर्षी ते निवर्तले. १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी या विकाराला 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' या नावाने मान्यता दिली. प्लॅसिडिल १९९९ साली अमेरिकेच्या बाजारातून गेले. सॅन अँटोनिओ येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयाला मर्फींचे नाव आहे. पदके छातीवर मिरवता येतात. आपल्याला झोप येत नाही हे चारचौघांत सांगायला मात्र निराळेच शौर्य लागते.